इतर औषधे : नाही

अक्षता चौगुलेचं पत्र अकरा महिने एका जाड शब्दकोशात पडून होतं. तिथे ठेवलं म्हणजे रोज हाताखाली येईल आणि उत्तर लिहून होईल, असा वासुदेव गलगले यांचा अंदाज होता. झालं उलटंच. त्यांनी शब्दकोश उघडायचाच सोडून दिला. एखादा शब्द अडला तर ते आठवणीवर भागवत, आणि आठवणीने दगा दिला की दुसराच शब्द वापरत.

पत्र लहान होतं.

‘गलगले सर, टिकलीच्या माहितीपुस्तिकेत तुमचं नाव आहे म्हणून तुम्हालाच लिहिते. सकाळी आठ आणि रात्री आठ, मी एकही गोळी चुकवलेली नाही. तरी माझी पातळी निम्म्यावर आली. गौरी जेवणाच्या दिवशी मला फिट आली आणि हातातल्या आमटीने माझ्या मुलीचा हात भाजला. आता सगळे म्हणतात, मी गोळ्या थुंकून टाकत होते. गोळी घेऊनही पातळी खाली येऊ शकते का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. रेवा चार वर्षांची आहे. तिला माझ्यापासून काढून घेणार आहेत.’

उत्तर ‘हो’ होतं. पत्र दुसऱ्यांदा वाचतानाच ते गलगल्यांना ठाऊक होतं. त्यांनी लिहायला घेतलंही. ‘शक्यता अगदीच नाकारता येत नाही, तथापि...’ इथवर आले आणि कागद फाडला. असं चार वेळा झालं. चारही कागद ‘तथापि’पाशी फाटले. मग त्यांना औषधपातळी मंडळाचं परिपत्रक आठवलं : यादीतल्या व्यक्तींशी तज्ज्ञांनी परस्पर पत्रव्यवहार करू नये. परिपत्रकाचा आधार मोठा असतो, भित्र्या माणसाला तर फारच.

टिकली हे नाव लोकांनी दिलेलं. मंडळाच्या कागदपत्रांत तिला बरंच लांबलचक नाव होतं. रुपयाएवढी चकती, दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि पंधरा दिवसांनी बदलायची. तिच्या पोटाशी केसाहून बारीक सुया असत. त्या रक्तापर्यंत पोचत नसत, कातडीखालच्या द्रवात औषध किती आहे ते मोजत. रक्तातली पातळी चढली-उतरली की थोड्या वेळाने तिथलीही चढते-उतरते. पूर्वी अपस्माराच्या रुग्णाला सहा महिन्यांतून एकदा, सकाळच्या गोळीआधी, रक्त द्यावं लागे. एका सकाळचा एक आकडा मिळे, आणि मधल्या दिवसांत काय झालं ते देव जाणे. टिकली दर पंधरा मिनिटांनी आकडा देऊ लागली.

त्या आकड्यांचा अर्थ लावायचं सूत्र गलगल्यांचं. मिरजेच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवताना त्यांनी ते मांडलं होतं. प्रत्येक रुग्णाची पहिल्या दोन महिन्यांची सरासरी ही त्याची स्वतःची रेषा. दिवसाची सरासरी त्या रेषेच्या साठ टक्क्यांखाली गेली आणि सात दिवस तशीच राहिली, तर दिवा लाल. डोस तोच आणि वजन तेच असताना पातळी पडली, तर गोळी पोटात गेलेली नाही. पुस्तिकेत त्यांनी एक वाक्य घातलं होतं, आणि लिहिताना स्वतःवर जरा खूशही झाले होते : ‘माणूस विसरतो, कधी लपवतो, पातळी लपवत नाही.’

टिकलीने भलं केलं नाही असं नव्हे. फिट येणाऱ्या बाईला इचलकरंजीच्या सूतगिरणीत आत कोण घेणार होतं? आता घेऊ लागले. फाटकावर दंड धरायचा, हिरवा दिवा लागला की आत. पण हिरवा दिवा असला की लाल दिवाही असतोच, आणि लाल दिव्याची यादी होते. यादीतल्यांना लोक औषधचुकार म्हणू लागले, पुढे कायद्यातही तोच शब्द आला. औषधचुकाराला यंत्रावर काम नाही, गाडी चालवायची नाही, आणि सात वर्षांखालच्या मुलाजवळ एकट्याने राहायचं नाही.

भाद्रपद लागला त्या आठवड्यात मंडळाच्या संचालिका डॉ. तेजश्री वणकुद्रे यांचा फोन आला. ही गलगल्यांचीच विद्यार्थिनी.

“सर, एक सही हवी होती. इचलकरंजीची एक केस सोमवारी कोर्टात आहे. तुमच्या सूत्राच्या बाजूने दोन पानांचं प्रतिज्ञापत्र. मजकूर आम्ही तयार केलाय, तुम्ही फक्त वाचायचं. म्हणजे नाही वाचलंत तरी चालेल.”

“केस कुणाची?”

“एक बाई आहे. चौगुले. मुलीचा ताबा मागतेय.”

गलगल्यांनी मान वळवून शब्दकोशाकडे पाहिलं. ते बोलत नाहीत याची तेजश्रीला सवय होती. तिने तेवढ्यात कागद पाठवूनसुद्धा दिले.

“तेजश्री, मला हिचे कच्चे आकडे हवेत. दर पंधरा मिनिटांचे.”

“कशाला? दिवसाची सरासरी पुरेशी असते. तुम्हीच ठरवलंत ते.”

“हो. मीच ठरवलं.”

“पाठवते,” ती म्हणाली. “पण सही उद्यापर्यंत, सर. तुमचा उद्या मला माहितेय.”

आकडे आले, सोबत तिचा फॉर्मही. गलगल्यांनी ते छापून घेतले, कागदाला कागद चिकटवले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. पट्टी आणि पेन्सिल घेऊन ते सकाळभर वाकून बसले. दुपारी कामवाली आली आणि जेवण कुठे वाढू म्हणून कुरकुरत निघून गेली.

गोळ्या चुकवणाऱ्याची रेघ त्यांच्या ओळखीची होती. गोळी गेली की दीडदोन तासांनी रेघेला लहानसा उंचवटा येतो, चुकवली की तो उंचवटाच नसतो. अक्षताची रेघ श्रावणाच्या पहिल्या आठवड्यापासून खाली चालली होती, अगदी घसरगुंडीसारखी. पण तिच्या अंगावर उंचवटे होते. सकाळी साडेनऊच्या सुमारास एक, रात्री साडेनऊच्या सुमारास एक. समोरच्या कागदांवरच्या एक्केचाळीस दिवसांचे ब्याऐंशी व्हायला हवे होते. गलगल्यांनी मोजले. ब्याऐंशी. स्वतःवर विश्वास नसल्यामुळे त्यांनी उलट्या टोकाकडून पुन्हा मोजले. ब्याऐंशीच भरले.

म्हणजे टाकीत पाणी ठरल्या वेळी, ठरल्या मापाने पडत होतं. खालचं भोक मोठं झालं होतं. आणि दिवसाची सरासरी काढली की उंचवटे पुसले जातात. खाली जाणारी रेघ तेवढी उरते. सरासरी काढायची, म्हणजे आकड्यांना साठवण कमी लागेल, ही सूचना कुणाची होती ते त्यांना आठवण्याची गरज नव्हती.

भोक कशाने मोठं होतं हेही त्यांना माहीत होतं. अक्षताचं औषध लॅमोट्रिजिन. यकृत त्याला साखरेसारख्या एका रेणूची जोड देतं आणि लघवीवाटे बाहेर काढून टाकतं. शरीरात इस्ट्रोजेन वाढलं की यकृताचं हे काम झपाट्याने होतं. कुटुंबनियोजनाच्या साध्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. त्या सुरू केल्या की आठपंधरा दिवसांत औषधाची पातळी निम्म्यावर येऊ शकते, बंद केल्या की काही दिवसांत पुन्हा चढते. डॉक्टरांना हे फार वर्षं माहीत आहे. पण त्यांच्यापर्यंत येतो तो टिकली बदलताना दर वेळी भरलेला रुग्णाचा फॉर्म, आणि अक्षताच्या फॉर्मवर छापील अक्षरांपुढे बरोबरची खूण होती. इतर औषधे : नाही.

त्या फॉर्मच्या पहिल्या मसुद्यात सतरावा प्रश्न होता. संततिनियमनाच्या किंवा पाळीच्या गोळ्या चालू आहेत का? समितीच्या बैठकीत कुणीतरी खसखस पिकवली. फॉर्म भरून घेणारे कर्मचारी पुरुष, उत्तर द्यायचं ते सासूसासऱ्यांच्या देखत. “गलगले, तुम्ही हा प्रश्न एकदा एखाद्या बाईला विचारून दाखवा,” अध्यक्ष म्हणाले होते. गलगल्यांचे कान तापले. आयुष्यात कुठल्याही बाईला ते घड्याळात किती वाजले यापलीकडे फारसं काही विचारू शकले नव्हते. “इतर औषधांत येईलच ते,” असं पुटपुटत त्यांनी स्वतःच्या पेनाने सतरावा प्रश्न खोडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्दकोश उघडला, पत्र काढलं आणि त्यावरच्या पत्त्यावर इचलकरंजीला गेले.

दार अक्षताच्या सासूने उघडलं. शालाबाई चौगुले, साठीच्या, हाताला पिवळी माती लागलेली. ओसरीवर गौरीचे मुखवटे धुऊन वाळत ठेवले होते.

“गलगले म्हंजे ते पुस्तकातले? आत या की. आमच्या वकिलानं तुमचं ते वाक्य कोर्टात तीनदा वाचून दाखवलं. पातळी लपवत नाही म्हणून. बसा, चहा टाकते.”

मुखवट्यांपाशी एक लहान मुलगी बसली होती. उजव्या कोपराखाली कातडी गुलाबी, चुरगळल्यासारखी. “तुम्ही आईकडनं आलाय?” तिने विचारलं.

“रेवा, आत जा,” शालाबाई म्हणाल्या, आणि ती जाईपर्यंत गप्प राहिल्या. मग चहा देता देता सुरू झाल्या. “लबाड बाई हो. श्रावणातच गिरणीच्या फाटकावर लाल दिवा लागला. हाकलली तिला. मग मी रोज माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायला लावायचे. तर ही मागं जाऊन थुंकत असणार.”

“थुंकताना पाहिलंत?”

“बघायला कशाला पायजे? टिकली सांगती की.”

गलगल्यांनी कप उचलला, ठेवला. त्यांनी चहावरच्या सायीकडे बघत वाक्याला सुरुवात केली. “श्रावणात... घरात पूजा वगैरे असेल. मग गौरी. अशा वेळी सूनबाईंची जर... अडचण...”

“अडचण येऊ दिली तर ना,” शालाबाई म्हणाल्या. त्यांना संकोच वाटला नाही, उलट कुणीतरी नीट विचारलं याचं समाधान वाटलेलं दिसलं. “गेल्या साली सगळी भावकी आमच्याकडं जेवायला. स्वयंपाकाला आम्ही दोघीच. तिची तारीख बरोबर गौर यायच्या दिवशी. मीच गोळ्या आणल्या दवाखान्यातनं. पूजेच्या आधी चालू केल्या त्या गौर जाईपर्यंत. दोन पाकिटं. तांबड्या, रक्तवाढीच्या, टाकून दिल्या, पांढऱ्या तेवढ्या सलग. रोज माझ्या हातानं दिल्या. देवाधर्माला एवढी जपणारी मी, आणि माझ्या वाट्याला ही.”

“फॉर्मवर लिहिलं नाही ते.”

“काय?”

“त्या गोळ्या. इतर औषधं नाहीत, असं लिहिलंय.”

“औषध हाय व्हय ते?” त्या हसल्या. “मी घेतल्या, माझ्या नणंदांनी घेतल्या. हितल्या सगळ्या बायका घेतात. सणाचं असतं ते.”

गलगल्यांनी सांगितलं. यकृत, इस्ट्रोजेन हे शब्द त्यांनी वगळले. एक गोळी दुसरीला शरीराबाहेर ढकलते, एवढंच म्हणाले. वर्गात पस्तीस वर्षं शिकवून कधी इतकं सोपं जमलं नव्हतं, आणि आता जमलं तेव्हा समोरच्या बाईचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला.

“म्हंजे पोरीचा हात मी भाजला म्हणता.”

“मी तसं म्हणत नाही.”

“तुमच्या कागदावर लिव्हलं होतं का, असल्या गोळ्या घेता का म्हणून?”

“नाही.”

“मग इचारायचं होतंसा.” शालाबाईंनी गलगल्यांसमोरचा अर्धा कप उचलून घेतला. “माझ्या घरात बसून मला शिकवू नका. निघा आता. वकिलाला सांगते, म्हातारा फितलाय म्हणून.”

अक्षता जयसिंगपूरला माहेरी होती. गलगले पोचले तेव्हा ती दाराशी मेथी निवडत बसली होती. बारीक, तिशीची बाई, दंडावर टिकलीची गोल खूण. त्यांनी नाव सांगितलं. तिने बसा म्हटलं नाही.

“अकरा महिने झाले,” ती म्हणाली.

“हो.”

“पोस्टाची पेटी सापडत नव्हती का?”

ते उभ्याउभ्याच बोलले. रेघेवरचे उंचवटे, ते ब्याऐंशी निघाले हे, श्रावणातल्या गोळ्या. ती मान वर न करता ऐकत होती. ब्याऐंशी म्हटल्यावर तिचे हात थांबले.

“मोजलेत तुम्ही?”

“दोनदा.”

“मी गोळी गिळतानाचे व्हिडिओ काढून ठेवले होते, माहितेय? तोंड उघडून, जीभ वर करून. कोर्टात दाखवले. त्यांचा वकील म्हणाला, नंतर ओकत असेल. मग घरातले सगळे, नवरासुद्धा, तेच म्हणायला लागले, तेव्हा मला वाटायला लागलं की आपणच विसरत असू. फिट येणारी बाई, हिचं काय खरं. मी स्वतःच्या मागावर राहायचे. गोळी घेतली की भिंतीवर रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघेवरच संशय घ्यायची.” तिने काडी मोडली. “त्या गोळ्यांनी पातळी उतरते, हे तुम्हाला कधी कळलं?”

खोटं बोलायला जागा होती. “उतरते हे आधीपासून माहीत होतं,” गलगले म्हणाले. “तुम्ही घेत होतात हे आज कळलं.”

“मी तेवढंच विचारलं होतं. उतरते का. हो का नाही.”

“हो.”

“मग?”

परिपत्रकाचा उच्चार करण्याइतके ते निलाजरे नव्हते.

“रेवा आता मला ताई म्हणते,” अक्षता म्हणाली. “महिन्यातनं दोनदा, दोन तास, सासूबाई शेजारी बसलेल्या. त्यांनी शिकवलंय. सोमवारी निकाल लागला की तेही बंद. तोंडी सांगितलेलं तिथे धरत नाहीत, सर. कागद द्या. आणि त्यात ‘शक्यता आहे’, ‘तथापि’ असलं काही घालू नका. वकील त्याच्यावरच जगतात.”

“मी कोर्टातही येईन.”

“आधी पत्र येऊ दे,” ती म्हणाली आणि मेथीची जुडी उचलून आत गेली.

शालाबाईंच्या वकिलाने काम चोख केलं. गलगले मिरजेला घरी पोचायच्या आत तेजश्रीला सगळं कळलेलं होतं.

“सर, तुम्ही पक्षकाराच्या घरी गेलात? तुम्ही?”

“तेजश्री, आपल्या यादीत बायका कुठल्या महिन्यात वाढतात?”

“भाद्रपदात. दर वर्षी. तुमचाच लेख आहे त्यावर. ‘सणांच्या काळातील औषधांची हेळसांड’. आम्ही परिपत्रकात वापरतो तो.”

“त्यातल्या लॅमोट्रिजिनवर किती?”

“नका काढू हे.”

“किती?”

“निम्म्याहून जास्त,” ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “ऐका. हे तुम्ही लिहून दिलंत तर एका बाईपुरतं राहणार नाही. प्रत्येक जण म्हणेल, माझी रेषा पुन्हा तपासा. ज्यांनी खरंच गोळ्या टाकल्या तेही म्हणतील. गिरण्या टिकली मानायच्या बंद होतील आणि तीस हजार लोक पुन्हा घरी बसतील. आणि तुमचं नाव? विश्वकोशात एक परिच्छेद आहे तुमचा. तो कसा वाचला जाईल मग?”

तीस हजारांचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं.

“जाऊ दे,” तेजश्री म्हणाली, जवळजवळ मायेने. “प्रतिज्ञापत्रावर सही नका करू, मी सांभाळते. मी तुम्हाला अठरा वर्षं ओळखते, सर. सोमवारपर्यंत तुम्ही काही लिहिणार नाही.”

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ त्या वाक्याशेजारी बसून राहिले. अपमान असा वाटला नाही. हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ते वाक्य होतं, आणि तेजश्रीचे अंदाज सहसा चुकत नसत.

सकाळी त्यांनी लिहायला घेतलं. दहा वाजेपर्यंत तीन कागद झाले. पहिल्यात यकृताची माहिती इतकी आली की अक्षता कुठे सापडेना. दुसऱ्यात त्यांनी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की वाचणाऱ्याला त्यांचीच कीव यावी. तोही फाडला, कारण कीव मागायला ते पत्र नव्हतं. तिसरा राहिला.

‘श्रीमती अक्षता चौगुले यांस. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर : हो. गोळी नियमित घेऊनही पातळी निम्म्यावर येऊ शकते. आपल्या बाबतीत ती तशीच आली. एक्केचाळीस दिवसांत आपण ब्याऐंशी वेळा औषध घेतलं. प्रत्येक वेळेची खूण आकड्यांत आहे, आलेख सोबत जोडला आहे. पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्याला दिलेल्या गोळ्यांमुळे औषध लवकर शरीराबाहेर गेलं. त्या गोळ्यांविषयीचा प्रश्न फॉर्मच्या पहिल्या मसुद्यात होता. तो मी संकोचापोटी स्वतः खोडला. दिवसाच्या सरासरीत गोळीच्या खुणा पुसल्या जातात, हा दोषही माझ्या सूत्राचा आहे. पुस्तिकेतलं पातळीविषयीचं वाक्य चुकीचं आहे. पातळी किती उतरली एवढंच टिकली सांगते, का उतरली ते सांगत नाही. हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. आपलं पत्र मला गेल्या वर्षी वेळेवर मिळालं होतं. वासुदेव गलगले.’

वेळेवर मिळालं होतं, हे वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

पोस्टात रांग होती. खिडकीपलीकडच्या बाईने तीन पाकिटं घेतली : एक जयसिंगपूरला, एक कोर्टाला, एक मंडळाला.

“शनिवारपर्यंत पोचेल ना?”

“उद्याच पोचेल. आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव पूर्ण लागतं. नुसतं वा. ग. चालत नाही.”

त्यांनी तिथल्या बांधलेल्या पेनाने तिन्हींवर पूर्ण नाव लिहिलं, खाली घराचा पत्ता. मागच्या माणसाने सुस्कारा सोडला. बाईने शिक्के मारले आणि पाकिटं मागच्या पोत्यात टाकली. गलगले खिडकीशीच उभे राहिले.

“अजून काही?”

“एकदा टाकलेलं परत काढता येतं का?”

“अर्ज द्यावा लागतो. ओळखपत्र दाखवून.” तिने मान वर केली. “काढायचंय?”

“आजोबा, सरका की,” मागचा माणूस म्हणाला.

“नाही,” गलगले म्हणाले. “विचारलं नुसतं.” आणि ते बाजूला सरकले.